गाळू नको, पूर्ण वाच

आमच्या घरात पेपर कानांनी वाचला जायचा. नागपुरातल्या महाल भागात, भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत बाबा खाटेवर मांडी घालून बसायचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि पहिल्या पानाच्या डोक्यावरच्या तारखेपासून मोठ्यांदा सुरू व्हायचे. आई मागच्या खोलीत पोह्यांच्या मागे लागलेली असायची. मोहरी तडतडली की बाबांचा आवाज तिच्या वर चढायचा, तडतड थांबली की खाली यायचा. "मुख्यमंत्र्यांनी या प्रकरणी चौकशीचे आदेश दिले असून सांबार टाकला का वं?" हे सगळं सलग, एका चालीत. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. लहानपणी मला कित्येक दिवस वाटायचं, सांबाराचं ते वाक्य पेपरातच छापलेलं असतं आणि मुख्यमंत्र्यांना आमच्या पोह्यांची काळजी आहे.

बाबांचं गल्लीच्या तोंडाशी शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर ते फारसं बोलायचे नाहीत, तोंडात स्क्रू धरलेले असायचे हेही एक कारण असेल. पण सकाळचा तो तास त्यांचा. सोयाबीनचे भाव, तेरवीच्या जाहिराती, हरवलेल्या माणसांची वर्णनं, धरणातलं पाणी, सगळं ते सारख्याच गांभीर्याने वाचत. शेजारच्या दोघी-तिघी भाजी निवडायला मुद्दाम आमच्या दारात बसायच्या. एकच गोष्ट त्या पेपरात कधी आली नाही. आईचं माहेर कुही. मामा रोज तिकडून मोटारसायकलने नागपुरात कामाला यायचा आणि त्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर आईचा जीव बसलेला असायचा. पण बाबांच्या पेपरात कुहीच्या रस्त्यावर कधी ट्रक उलटला नाही, कधी बैल आडवा आला नाही. कॉलेजात जाईपर्यंत माझी पक्की समजूत होती की महाराष्ट्रातला सगळ्यात सुरक्षित रस्ता तोच. आई मात्र अधूनमधून एखाद्या सकाळी, बाबा वाचत असतानाच, हात पुसत यायची आणि मामाकडे फोन लावायची. काय झालं म्हणून विचारलं की म्हणायची, "काही नाही, सहज."

मग बाबांना काचबिंदू झाला. झाला म्हणजे कळला. होऊन बरेच दिवस झाले होते. आधी सुईचं नेढं दिसेना, मग अक्षरं, मग समोरचा माणूस आवाजावरून ओळखायची वेळ आली. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. दुकानाचं शटर खाली आलं. बाबांनी त्याचाही फार गवगवा केला नाही. घरातली एक जुनी मशीन ते हाताने चाचपत रोज पुसायचे, तेल द्यायचे. पण पेपरचं काय करायचं ते त्यांना सुचेना, आणि ते काम माझ्याकडे आलं.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, विषय कॉम्प्युटर, त्यामुळे मला कशालाच वेळ नव्हता. आता चाळिशी उलटल्यावर मला भरपूर वेळ असतो आणि तेव्हाची ती घाई नेमकी कुठे जायची होती हे आठवत नाही. एका हातात वेणी, एका हातात पेपर, असं माझं वाचन. बातमीचं पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, पुढची बातमी.

"गाळलं तू," बाबा म्हणायचे.

"नाही बाबा."

"दम घेतला ना. तू गाळते तेव्हा आधी दम घेते. उडी मारायच्या आधी घेते तसा."

मी चिडून परत मागे जायची. मग पुढे दम न घेता गाळायचा प्रयत्न केला तर मला खोकला यायचा. आई मागून हसायची. असं काही महिने चाललं. मग एके दिवशी बाबांनी मला थांबवलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी पानंच्या पानं गाळली आणि ते छताकडे तोंड करून बसून राहिले. त्यानंतर पेपर दारात पडायचा, आई तो घडी न मोडता कोनाड्यात ठेवायची, आणि पोह्यांची फोडणी एकटीच तडतडायची. शेजारच्या बायका भाजी आपापल्या घरी निवडू लागल्या.

"वाचू का बाबा?" मी विचारायची.

"राहू दे. तुझा अभ्यास कर."

एकदा आईला ते सांगत होते ते मी ऐकलं. "पोट्टी वाचून देते, तिचे उपकारच आहे. पण मले थांबावं वाटलं तिथं थांबता येत नाही, वापस जावं वाटलं तर जाता येत नाही. दुसऱ्याच्या सायकलवर डबल सीट बसल्यासारखं आहे."

माझी वर्गमैत्रीण प्रज्ञा. कामठी रोडला राहायची, तिच्या मामाचं सायबर कॅफे होतं, आणि वर्गात जे आम्हाला शिकवायचे ते तिला आधीच येत असायचं. तिने मला सांगितलं की पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं. विकतचं आपल्या आवाक्यातलं नाही, पण लिनक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर तेच काम करणारं फुकट मिळतं, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं. मराठी आवाज अजून कोणी बनवला नव्हता. हिंदी होता. हिंदी आवाज मराठी मजकूर वाचू शकतो, कारण अक्षरं तीच. "आपल्या नागपुरात तरी कोणाला फरक कळणार आहे?" प्रज्ञा म्हणाली.

आमच्याकडे एक जोडून घेतलेला कॉम्प्युटर होता. आईने त्याला परकराच्या उरलेल्या कापडाचं झालर लावलेलं कव्हर शिवलं होतं, त्यामुळे तो लांबून एखाद्या लाजऱ्या पाहुणीसारखा दिसायचा. त्यावर मी लिनक्स टाकलं आणि घरात जाहीर केलं की आठवडाभरात हा बोलायला लागेल. मी तेव्हा फार जाहीर करायची.

लिनक्समध्ये पॅकेज मॅनेजर नावाचा एक कारभारी असतो. तुम्ही त्याला सांगायचं, मला अमुक सॉफ्टवेअर पाहिजे. तो बघतो की त्याच्यासाठी आणखी काय काय लागतं, ते सगळं इंटरनेटवरून गोळा करतो आणि नीट क्रमाने बसवतो. पुस्तकात असं होतं. आमच्या घरचं इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं, आधी बराच वेळ किंचाळायचं, मग थेंबाथेंबाने वाहायचं, आणि कोणी रिसीव्हर उचलला की तुटायचं. बातमीचं एक पान कसंबसं उघडायचं; मोठं सॉफ्टवेअर उतरवणं शक्य नव्हतं. म्हणून मी प्रज्ञाच्या मामाकडे जाऊन पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचं बांधलेलं गाठोडं, पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि लुनावर घरी आणायची. घरी येऊन बसवायला गेलं की मॅनेजर म्हणायचा, याला आवाजाचं एक पॅकेज लागतं, ते तुमच्याकडे नाही. परत लुना. ते आणलं की म्हणायचा, हे आहे, पण जुनं आहे, नवं पाहिजे. परत लुना. नवं आणलं की तिसरंच कोणी तरी तक्रार करायचं की मला तर जुनंच चालतं, नवं आलं तर मी जातो.

घरात सगळे त्याला माणूसच समजत. मी दारातून आत आले की आई विचारायची, "काय म्हणते तुझा मॅनेजर?"

"त्याला अजून एक पाहिजे म्हणतो."

"लग्नातल्यासारखंच आहे बाप्पा," आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "मोठे जवाई आल्याशिवाय फुफाजी येत नाही, फुफाजी आल्याशिवाय आत्याबाई येत नाही, आणि आत्याबाई आली की लहानी काकू उठून चालली. तू आधी कोणाले आमंत्रण दिलं?"

"बोलणाऱ्या सॉफ्टवेअरला."

"तिथंच चुकली. तो नवरदेव आहे. नवरदेव शेवटी येते."

हे अगदी अचूक होतं. आज माझी मुलगी फोनवर एकदा बोट टेकवते आणि सगळी वरात आपोआप येऊन बसते. फुफाजींचं, म्हणजे आत्याच्या यजमानांचं, नावसुद्धा तिला कळत नाही.

आठवड्याचे महिने झाले. बाबा सुरुवातीला रोज विचारायचे, मग अधूनमधून, मग विचारायचे थांबले. श्राद्धपक्ष संपता संपता एका संध्याकाळी ते म्हणाले, "मंजू, दसऱ्यापर्यंत पाहू. बोलला तर बोलला. नाही तर पेपरवाल्याले बंद सांगून दे. कोनाड्यात थप्पी पाहून तुझ्या आईले त्रास होते."

थप्पी त्यांना दिसत नव्हती. आई येता-जाता तिच्यावर हात ठेवते, कागदाचा आवाज होतो, तो त्यांना ऐकू येत होता. ते पेपर बंद करत नव्हते, वाचणारा माणूस बंद करत होते, हे मला त्या वयातही कळलं आणि मी पहिल्यांदा घाबरले. प्रज्ञाला सांगितलं. तिने युक्ती काढली: एकेक पाहुणा आणण्यापेक्षा सगळं गावच बदलायचं. तिच्या मामाकडे तिने लागणारी सगळी नवी पॅकेज एका मोठ्या पेन ड्राइव्हवर जमा केली, क्रम लिहून दिला, आणि बजावलं, "एकदा सुरू झालं की मध्ये थांबवू नको. अर्ध्यात तुटलं तर मॅनेजरला कळत नाही कोण आलं, कोण राहिलं."

दसऱ्याच्या सकाळी मी ते सुरू केलं. पडद्यावर ओळी धावायला लागल्या. मुंगीच्या पावलांनी का होईना, पण पुढे जात होत्या. मी आईला म्हटलं, "याला कोणी हात लावू नका," आणि झेंडूची फुलं आणायला बुधवार बाजारात गेले.

आता आमच्या घरचा दसरा सांगायला हवा. शस्त्रं आमच्याकडे नव्हती, मशीन होत्या. दसऱ्याला बाबा दुकानातल्या आणि घरातल्या सगळ्या मशीन पुसत, तेल देत, हळदकुंकू वाहत आणि पट्टा उतरवून ठेवत. चाकावरचा चामड्याचा पट्टा उतरवला की मशीन चालत नाही, आणि तो उतरवायचा तेवढ्यासाठीच. वर्षभर राबते, एक दिवस तिने कोणाचं ऐकायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच पट्टा परत चढायचा. याला अपवाद नव्हता. एका वर्षी गुलाबभाऊ टेलर दारात येऊन हात जोडून उभा राहिला. संध्याकाळच्या रामलीलेतल्या हनुमानाची शेपटी शिवायची राहिली होती आणि त्याची मशीन ऐन वेळी अडकली होती. बाबांनी त्याला चहा पाजला, पुरणाची पोळी खाऊ घातली आणि वापस पाठवलं. त्या वर्षी हनुमान शेपटीशिवाय लंकेत गेला.

मी फुलं घेऊन परत आले तेव्हा कॉम्प्युटर स्वच्छ होता. ओल्या फडक्याने पुसलेला. मॉनिटरच्या कपाळावर कुंकवाचं बोट, कीबोर्डवर अक्षता, सीडीच्या फटीत एक झेंडू. पडदा काळा. मागची एकही वायर जागेवर नव्हती. मुख्य वायर गुंडाळी करून देव्हाऱ्यासमोर, शिलाई मशीनच्या पट्ट्याशेजारी ठेवली होती, आणि दोघांवरही हळद वाहिलेली होती.

"आई, मी म्हटलं होतं ना हात लावू नको."

"मी कुठं हात लावला? पूजा केली."

"तो चालू होता."

"म्हणूनच तर उतरवला पट्टा. सकाळपासून राबून राहिला बिचारा, आज दसरा आहे."

मी रडले की नाही ते आठवत नाही. आई म्हणते रडली, आणि या बाबतीत तिची आठवण माझ्यापेक्षा चांगली आहे. प्रज्ञाला फोन लावला. मागे भांड्यांचा आणि माणसांचा इतका गलका होता की तिला मोठ्याने बोलावं लागलं. त्या दिवशी तिच्या घरी दरवर्षीच गावोगावची मंडळी उतरलेली असत, दीक्षाभूमीला जाणारी आणि जाऊन आलेली.

"मंजू, मी हलू शकत नाही वं. एक पंगत उठली, दुसरी बसून राहिली, मी वरण वाढून राहिली. उद्या येते."

"उद्या उपयोग नाही."

"मग तू उगाच काही उद्योग करू नको," असं म्हणून तिने कोणाला तरी "दादाजी, भात घ्या ना" म्हटलं आणि फोन ठेवला.

बाबा खाटेवर बसून सगळं ऐकत होते. नवा सदरा, हातात टोपी. मग म्हणाले, "वायरी दे तिले."

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. हाताला पुरण. "काय म्हणाले?"

"वायर दे. पट्टा लावू दे."

"आज? गुलाबभाऊ पाया पडून राहिला होता तेव्हा नाही लावला तुम्ही."

"ते काम होतं. हे काम नाही, दुरुस्ती आहे."

"मंग जन्मभर तुम्ही काय करून राहिले होते?"

बाबांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मले वाचायचं आहे वं," ते म्हणाले. इतक्या हळू की ते मुख्यमंत्री आणि धरणं वाचणाऱ्या माणसाचं वाक्य वाटलंच नाही.

आई आत गेली. नळाखाली हात धुतल्याचा आवाज आला. देव्हाऱ्यासमोर ती क्षणभर थांबली, वायरीची गुंडाळी उचलली, कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली. "कुंकू पुसू नको त्याचं," एवढंच म्हणाली.

कॉम्प्युटर सुरू झाला, पण अर्धाच. चित्रं नाहीत, बाण नाही. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. मी सकाळचीच आज्ञा परत दिली. भराभर काही ओळी आल्या आणि थांबल्या. परत दिली. परत तेच. मी ड्रॉवरमधून जुनी सीडी काढली. पहिल्यापासून सगळं पुसून टाकायचं, म्हणजे पुन्हा नवरदेव, फुफाजी, लुना, सगळं. सीडीची फट उघडायला मी झेंडू बाजूला केला, तेवढ्यात बाबा म्हणाले, "काय म्हणते तो?"

"एरर आला बाबा."

"ते झालं. लिहून काय आलं?"

"इंग्रजीत आहे."

"मंग? वाच. मराठी करून सांग."

"बाबा, ते तुम्हाला कळणार नाही. मला पण नाही कळत. असंच काही तरी लिहितात ते."

"मंजू." ते खाटेवरून उठले, भिंतीला हात लावत आले आणि माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "वाच."

मी वाचलं. "'पॅकेज बसवायचं काम मध्येच तुटलं आहे. तुम्ही...' म्हणजे 'त्यामुळे अडचण आहे.'"

"दम घेतला तू."

"बाबा, मध्ये ते यंत्राचं काही तरी असतं, वेडंवाकडं."

"लिहिणाऱ्यानं लिहिलं ना? उगाच कोणी शाई खर्च करत नाही. गाळू नको. पूर्ण वाच."

शाई नसते तिथे, असं मी म्हणणार होते. पण त्यांचा हात खुर्चीवर घट्ट होता. मी पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली, वेणीला हात न लावता. "'काम मध्येच तुटलं आहे. तुम्ही स्वतः पुढची आज्ञा द्या, म्हणजे अडचण दूर होईल.'" आणि पुढे ती आज्ञा होती. अख्खी. अवतरण चिन्हांत, एकेक अक्षर, कुठे जागा सोडायची तेही. सगळी अर्धवट राहिलेली पॅकेज आता नीट लावून दे, असा तिचा अर्थ. मी दोनदा ती ओळ पडद्यावर आणली होती आणि दोनदा तिच्यावरून उडी मारली होती.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"तो सांगतो आहे बाबा. काय करायचं ते तोच सांगतो आहे."

"मंग कर."

मी ती आज्ञा टाइप केली. मॅनेजरने क्षणभर विचार केला आणि जिथे आईने त्याला उठवलं होतं तिथूनच कामाला लागला. बाबांनी मला एकही ओळ सोडू दिली नाही. हे लावून झालं, ते लावून झालं, असं मी मोठ्यांदा वाचत होते, पेपरसारखं, आणि आई पोळी तुपात सोडता सोडता मागून विचारत होती, "फुफाजी आले का?"

"आले."

"आत्याबाई?"

"बसल्या."

राहिलेली पॅकेज मग पेन ड्राइव्हवरून आली. दुपारची जेवणं तिथेच झाली. बाबांनी पोळी हातात धरून उभ्याने खाल्ली. उन्हं कलताना कॉम्प्युटर परत सुरू केला. चित्रं आली, बाण आला, आणि मॉनिटरखालच्या डब्यासारख्या स्पीकरमधून एक माणूस बोलला. नाकात, घाईघाईत, हिंदी ढंगात. बाबांनी मान तिरकी केली. मी एक मराठी परिच्छेद लिहून त्याला वाचायला दिला. त्याने वाचला. 'आहे' म्हणताना तो थोडा अडला, पण थांबला नाही.

"हा इटारसीकडचा दिसते," बाबा म्हणाले. मग हात पुढे करून विचारलं, "थांबवायचं बटण कोणतं? आणि वापस जायचं?"

मी त्यांचं बोट एकेका बटणावर ठेवलं. त्यांनी त्याला थांबवलं. चालू केलं. एका ओळीवरून मागे नेलं, परत पुढे आणलं. संध्याकाळी सोनं द्यायला लोक आले तेव्हा बाबा उठलेच नाहीत. लोकांनी आपट्याची पानं त्यांच्या गुडघ्यावर ठेवली, आणि ते एका हाताने नमस्कार करत राहिले, दुसरा हात बटणावर. आईने पेपरवाल्याचं काय करायचं ते विचारलं नाही. कोनाड्यातली थप्पी तिने रद्दीत घातली आणि कोनाडा पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती बाबांच्या आवाजाने. कानाला हेडफोन, मांडी घालून खुर्चीवर, कपाळावर कुंकू असलेल्या मॉनिटरसमोर. इंटरनेटवर पेपरचं पान उघडून द्यायचं काम फक्त माझं होतं. पुढचं सगळं त्यांचं. इटारसीवाला त्यांच्या कानात सांगायचा आणि ते महालच्या मराठीत आम्हाला सांगायचे. मोहरी तडतडली तसा आवाज वर चढला. "पालकमंत्र्यांनी पाहणी करून तातडीने अहवाल मागवला असून सांबार टाकला का वं?"

मी त्यांच्या मागे वेणी घालत उभी होते, म्हणून मला पडद्यावर पुढची बातमी दिसली. कुहीच्या रस्त्यावर ट्रक नाल्यात उतरला होता. चालकाला किरकोळ मार, बाकी कोणी नव्हतं. बाबांचे ओठ थांबले. बोट बटणावर गेलं, इटारसीवाला पुढे सरकला. आणि बाबांनी दम घेतला. छोटासा, उडी मारायच्या आधी घेतात तसा.

"सोयाबीनची आवक वाढली आहे," ते म्हणाले.

मागच्या खोलीत झारा कढईला लागून वाजत होता, तो थांबला. आई हात पुसत बाहेर आली, सरळ फोनपाशी गेली आणि तिने रिसीव्हर उचलला. आतून किंचाळल्यासारखा आवाज आला, पडद्यावरचं पान गोठलं आणि इटारसीवाला वाक्याच्या मध्येच गेला.

"अवं, काय केलं?" बाबा म्हणाले. "नेट तुटलं ना."

"तुटू द्या," आई मामाचा नंबर फिरवत म्हणाली. "तुम्ही दम घेतला."